सात नंबरची बरणी

संपादक घरी आले, चहा प्याले आणि म्हणाले, "महादेवराव, तुम्ही आयुष्यभर साप-विंचवांच्या बरण्यांत राहिलात. गमती लिहा. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं लागतं." मी बरं म्हणालो. गमती पुष्कळ आहेत, पण लिहायला बसलो की लेखणी एकाच बरणीपाशी जाऊन थांबते. तेव्हा आधी दोन गमती सांगतो आणि मग जे सांगायचं ते सांगतो.

अमरावतीच्या एका सायन्स कॉलेजात प्राणिशास्त्राचं म्युझियम माझ्या ताब्यात होतं. ताब्यात म्हणजे किल्ली माझ्या कंबरेला, मालक दुसरेच. कागदोपत्री मी 'लॅब बॉय' होतो, आणि डोक्यावरचे केस पांढरे झाले तरी बॉयच राहिलो. बाप भाजीचा मळा करणारा माणूस. घरी वांगी-मिरच्या सोडून कशाला हात लावला नव्हता, आणि इथं पहिल्याच दिवशी हातात अजगर दिला. मेलेला होता, पण मला ते उशिरा कळलं.

आमचा धंदा बाहेरच्यांना समजेल असा सांगायचा तर तो लोणच्याचा धंदा. जनावर आणायचं, धुवायचं, बरणीतल्या काचेच्या पाटीला दोऱ्यानं बांधायचं, वर फॉर्मॅलिन किंवा स्पिरिट ओतायचं, झाकण मेणानं बंद करायचं, लेबल लावायचं. लोणचं जसं तेलाखाली राहिलं पाहिजे, तसं जनावर पाण्याखाली राहिलं पाहिजे. आमच्या वऱ्हाडच्या उन्हाळ्यात मेणाच्या फटीतूनसुद्धा स्पिरिट उडून जातं. म्हणून सगळी सुट्टीवर गेली की मे महिन्यात मी एकेक बरणी उघडून भरत बसायचो. हे काम कोणाला दिसत नाही. नाही केलं तर मात्र दिसतं.

गॅदरिंगच्या दिवशी म्युझियम सगळ्यांना खुलं असायचं. कापसाच्या जिनिंगमधले मजूर, शेजारपाजारच्या बायका, खेड्यावरून आलेले पालक, सगळे रांगेनं फिरायचे. एका म्हाताऱ्या बाईनं हर्डमानियाच्या बरणीपुढं थांबून मला विचारलं होतं, "बापू, हे बटाटं काहून ठेवलं?"

मी म्हटलं, "माय, हा बटाटा नाही. समुद्रातला जीव आहे. लहानपणी याला शेपूट असते, पाठीत एक दोरा असतो, पाण्यात पोहतो. मग एका दगडाला चिकटतो आणि पाठीतला तो दोरा आपणच जिरवून टाकतो. पुढं जन्मभर हा असा बसून."

बाई थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "आमच्या जावयासारखा हाय मंग."

हर्डमानिया ज्या कपाटात होता ते आमच्या सरांचं लाडकं होतं. सर म्हणजे विभागप्रमुख. त्यांचं म्हणणं असं, की गोगलगायी-शिंपले एकीकडे आणि मासा-बेडूक-माणूस दुसरीकडे, आणि या दोन्हींच्या मधल्या उंबरठ्यावर हे दोन-तीन जीव उभे आहेत. त्यांना कणा नाही, पण कण्याची सुरुवात आहे. एक हर्डमानिया, एक बालानोग्लॉसस, जो चिखलातल्या गांडुळासारखा असतो आणि ज्याला ओला असताना दवाखान्यातल्या मलमाचा वास येतो. आणि तिसरा अ‍ॅम्फिऑक्सस. दोन इंचांचा, दोन्ही टोकांना निमुळता, काचेसारखा आरपार. वाळूत शरीर पुरून तोंड तेवढं बाहेर ठेवतो. त्याला धड चेहरा नाही, डोळे नाहीत, जबडा नाही. पाठीतून एक लवचिक काडी गेलेली, बस्स. सर त्याला "आपला सगळ्यांचा चुलत आजोबा" म्हणायचे. हे जीव मद्रासकडच्या एका दुकानदाराकडून रेल्वे पार्सलनं यायचे, वर्षातून एकदा. मी समुद्र पाहिलेला नव्हता. जो काही पाहिला, तो पार्सलातून.

देविदास नावाचा मुलगा या कॉलेजात आला तो नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनेक वर्षांनी. अकोल्याकडचा, तेल्हाऱ्याजवळच्या हिवरखेडचा. बाप दुसऱ्याच्या वावरात मजुरी करायचा. अंगानं बारीक, बोलणं कमी, पण डोळे असे की एकदा बरणीपुढं उभा राहिला की दहा मिनिटं हलायचा नाही. बाकीची मुलं वहीतली आकृती पाहून वहीत आकृती काढायची. हा बरणीत पाहून काढायचा. पुस्तकातल्या चित्रात नसलेली एखादी रेघ त्याच्या चित्रात असायची, आणि मी भिंग घेऊन पाहिलं की ती रेघ बरणीत सापडायची.

त्याचा बाप एकदा भेटायला आला. फडक्यात भाकरी बांधून आणल्या होत्या. म्युझियमच्या दारातच उभा राहिला, आत येईना. देविदास म्हणाला, "या ना बाबा आत. इथं कोनी अडवत नाई." मग तो वहाणा बाहेर काढून आत आला आणि एकेका बरणीवर बोट ठेवून विचारत गेला, "हे कोनतं?" देविदास सांगत गेला. लेबल न वाचता. शेवटी बापानं मला विचारलं, "भाऊ, हा खरं सांगून राहिला ना? का मले अडानी पाहून काईबी फेकून राहिला?"

मी म्हटलं, "एक अक्षर चुकला नाही तुमचा मुलगा."

त्या माणसाचा चेहरा मी विसरलेलो नाही. त्या पोराकडे त्यांच्या अख्ख्या वस्तीचे डोळे लागले होते. सरकारी शिष्यवृत्ती होती, पण एकदा नापास झाला की ती बंद. पास झाला की पुढं नागपूरला एम.एस्सी. आणि मग कुठल्यातरी कॉलेजात प्रोफेसर. हिवरखेडच्या मजुराचा मुलगा प्रोफेसर होणार, हे त्यांनी मनात पक्कं करून टाकलं होतं. खरं सांगतो, मीही.

आता माझी चूक सांगतो.

देविदासच्या शेवटच्या वर्षाआधीचा उन्हाळा. सरांच्या घरची मंडळी महिनाभर चिखलदऱ्याला निघाली आणि सर म्हणाले, "महादेव, तू पण चल. स्वयंपाकपाण्याला माणूस हवा." तेव्हा ही रीतच होती, लॅबचा माणूस म्हणजे साहेबाच्या घरचाही माणूस. मी तेव्हा हंगामी होतो. कायम करण्याचा कागद सरांच्या टेबलावर पडलेला होता. नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. वर थंड हवेत मी पुऱ्या तळत होतो आणि खाली माझ्या बरण्या आटत होत्या.

जूनमध्ये परत आलो. मोठ्या बरण्या तगल्या होत्या. अ‍ॅम्फिऑक्ससची बरणी लहान, उंच आणि अरुंद, हिरवट जुन्या काचेची. ती कोरडी ठणठणीत. आत पाटीला एक सुकलेला धागा चिकटलेला. मी वरून स्पिरिट ओतलं तर त्याचा भुगा झाला.

सरांना सांगायला हवं होतं. पण काय सांगणार? की तुमच्या पुऱ्या तळायला गेलो म्हणून आजोबा गेले? फूटतुटीच्या वहीत नाव चढलं असतं, आणि ज्याचं नाव त्या वहीत चढतं तो कायम होत नाही, हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं. नवं पार्सल पुढच्या वर्षी येणारच होतं. तोवर कपाटात बरणी दिसली म्हणजे झालं. सर वर्षाची मोजणी बरण्या मोजून करायचे, जनावरं मोजून नाही.

बाजारात एका भोयाच्या टोपलीत वामीची पिल्लं मिळाली. वाम ही मासळी आपल्याकडच्या नद्यांत असते, सापासारखी लांबट, आणि तिचं तोंडही टोकदार. त्यातलं सगळ्यात लहान पिल्लू मी घेतलं. फॉर्मॅलिनमध्ये रंग उडवला. डोळे राहत होते, ते सुईनं काढले. पाटीला बांधलं, बरणीत सोडलं, जुनं लेबल होतं तसंच ठेवलं. लांबून पाहिलं तर कोणी ओळखलं नसतं. आपल्या हाताच्या सफाईवर मी त्या दिवशी खूषही झालो होतो. लपवत नाही.

प्रॅक्टिकल परीक्षेत 'स्पॉटिंग' नावाचा प्रकार असतो. टेबलांवर दहा बरण्या ठेवतात. लेबल कागदानं झाकतात, वर नुसता नंबर. मी घंटा वाजवली की मुलानं पुढच्या बरणीपुढं सरकायचं, दोन मिनिटांत जनावराचं नाव आणि ओळखीच्या खुणा लिहायच्या. बरण्या आदल्या दिवशी सर काढून द्यायचे आणि त्या ठरलेल्या असायच्या. त्या वर्षी बाहेरून आलेले परीक्षक खडूस निघाले. म्हणाले, "मीच निवडतो." कपाटांपुढून चालत गेले आणि लेबलं वाचत बोट दाखवत गेले. सहा झाल्यावर त्यांचं बोट हिरवट बरणीवर आलं.

"ही घ्या. सात नंबर."

मी बरणी उचलली. कपाट ते टेबल, पंधरा पावलं. ती हातातून सोडून द्यायची, एवढंच करायचं होतं. फरशीवर काच, स्पिरिट, आणि त्या गोंधळात वाम फडक्यात गुंडाळली असती. शिव्या बसल्या असत्या, वहीत नाव चढलं असतं, कायम होणं राहिलं असतं, बाकी काही नाही. पण नोकरीत माझ्या हातून एकही बरणी फुटलेली नव्हती आणि मला त्याचा फार तोरा होता. हात सुटलाच नाही. मी बरणी नेऊन नीट मधोमध ठेवली. मनाशी म्हटलं, कोण एवढं पाहतंय.

आणि खरंच कोणी पाहिलं नाही. आमची मुलं जनावरं पाठ करत नसत, बरण्या पाठ करत. हिरवट उंच बरणी म्हणजे अ‍ॅम्फिऑक्सस, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. एकामागून एक मुलं सातव्या टेबलापुढं आली, बरणीकडे नजर टाकली आणि भराभरा लिहून मोकळी झाली. मग देविदास आला. तो वाकला. डोकं एका बाजूला केलं, मग दुसऱ्या. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी घंटेकडे पाहिलं.

दुपारी तोंडी परीक्षा झाली. मी कोपऱ्यात ट्रे धूत होतो. परीक्षकांनी त्याचा कागद हातात धरला होता.

"सात नंबर काय लिहिलंय?"

"सर, वाम."

"काय?"

"वामीचं पिल्लू, सर. आमच्या वान नदीत असते. लहानपनापासून धरतो आमी."

दोघं-तिघं हसले. आमचे सरही हसले. परीक्षक म्हणाले, "अ‍ॅम्फिऑक्सस आहे तो. तीन वर्षं काय शिकलात?"

देविदास गप्प बसला असता तर निभावलं असतं. पण तो म्हणाला, "सर, याले जबडा हाय. अन् पाठीवर काट्यायची ओळ हाय. अ‍ॅम्फिऑक्ससले जबडा नसते. डोयाच्या जागी भोकं बी हायत. तुमी एकडाव पाहा ना, सर."

ते उठून पाहतील अशी मला भीती वाटली. आज वाटतं, उठले असते तर किती बरं झालं असतं. पण ते उठले नाहीत. लाल झाले. म्हणाले, "तू मला शिकवणार?" आणि पुढचा एकही प्रश्न न विचारता त्याला जा म्हणाले. ट्रे कधीच स्वच्छ झाला होता. मी तो धूतच राहिलो.

त्याचं त्या दिवशीचं विच्छेदन जेमतेम झालं होतं, एक शीर तुटली होती. स्पॉटिंगचे गुण गेले, तोंडीचे गेले. प्रॅक्टिकलमध्ये नापास म्हणजे सगळ्यात नापास. लेखी पेपर चांगले गेले होते, त्यांचा काही उपयोग झाला नाही. शिष्यवृत्ती बंद झाली.

पार्सल मेमध्ये आलं. त्यात नवे अ‍ॅम्फिऑक्सस होते. मी हिरवट बरणी रिकामी केली, वाम परसात पुरली, नवा जीव बांधून ठेवला. जूनच्या शेवटी देविदास आला. गावाला परत निघाला होता, हातात वळकटी. मला वाटलं, आता भांडेल. भांडला असता तर मी बोललो असतो, अशी मी आजवर स्वतःची समजूत घालत आलो आहे.

तो म्हणाला, "भाऊ, मले फक्त ते सात नंबरची बरनी एकडाव पाहू द्या."

मी किल्ली काढली. कपाट उघडलं. बरणी त्याच्या हातात दिली.

तो खिडकीपाशी गेला आणि उजेडात धरून पाहत राहिला. आत काचेसारखा आरपार जीव. जबडा नाही. काटे नाहीत. डोळ्यांच्या जागी भोकं नाहीत. बरीच मिनिटं गेली. त्याचे ओठ हलत होते, तो खुणा मोजत होता.

"हेच होती का, भाऊ? हेच ठेवली होती?"

माझा कायम होण्याचा कागद त्याच आठवड्यात सहीला गेला होता. मी म्हटलं, "हीच. बरणी ओळखत नाही का? परीक्षेच्या धाकानं होतं असं कधीकधी. नजर चुकते."

तो हळूच म्हणाला, "होय. मंग माहीच नजर चुकली." बरणी त्यानं दोन्ही हातांनी परत दिली, पायाला हात लावायला वाकला आणि गेला.

तुम्ही म्हणाल, पाठीतला दोरा जिरवून दगडाला चिकटणारा तो हर्डमानिया म्हणजे मीच. नका म्हणू. त्या जिवाची ती रीतच आहे, त्यात त्याचा दोष नाही. मला जन्मतः कणा होता. भाजीच्या मळ्यात वाढलेला माणूस मी, बापानं एक खोटं कधी खपवून घेतलं नव्हतं.

कायम झाल्यावर माणसाला हिंमत येते, हे वाक्य किती लाजिरवाणं आहे ते लिहिताना कळतंय. पण तसंच झालं. तीन-चार वर्षांनी अकोल्याला एका लग्नाला गेलो होतो. तिथं कळलं, देविदास हिवरखेडलाच मास्तर झाला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी एस.टी. पकडली. अकोटला गाडी बदलली. रस्ताभर मनात वाक्यं जुळवत होतो, त्यातलं एकही तिथं कामाला आलं नाही.

शाळा सुटत होती. देविदास ओट्यावर वह्यांचा ढीग घेऊन तपासत बसला होता. मला पाहून उठला, आनंद झाला त्याला. "भाऊ, तुमी? इतल्या दूर?" पाणी आणून दिलं. मी पाणी पिण्याआधीच सगळं सांगितलं. चिखलदरा, आटलेली बरणी, वाम, सुई, नवं पार्सल. कागदावर लिहून द्यायला तयार आहे, म्हटलं. सरांसमोर, परीक्षकांसमोर, म्हणशील तिथं उभा राहतो, म्हटलं.

त्यानं माझ्या हातातलं पाण्याचं भांडं घेऊन खाली ठेवलं. मग विचारलं, "वामच होती?"

"वामच."

"डोये तुमी काढले?"

"मीच. सुईनं."

"म्हंजे मले बराबर दिसलं होतं."

"तुला एकट्यालाच बरोबर दिसलं होतं."

मला वाटलं, आता तो रडेल, नाहीतर मला हाकलून देईल. दोन्हीला मी तयार होतो. त्यानं ढिगातली एक वही काढली, पान उघडलं आणि माझ्यापुढं ठेवलं. चौथीतल्या कोण्या मुलीची वही. प्रश्न होता, कापसाच्या फुलाचा रंग कोणता? मुलीनं लिहिलं होतं, 'पहिल्या दिवशी पिवळा, दुसऱ्या दिवशी गुलाबी.' त्यावर लाल शाईची मोठी काट होती आणि बाजूला देविदासच्याच अक्षरात 'पिवळा'.

"पुस्तकात पिवळा हाय," तो म्हणाला. "अन् मी कापसाच्याच वावरात वाहाडलो, भाऊ. फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, मले मालूम हाय. माह्या मायले मालूम हाय. इथल्या ढोरायले बी मालूम असन. पन त्या दिवसापासून मी ठरवलं, आपल्याले जे दिसते ते खरं नसते. पुस्तकात हाय ते खरं. पोरायले बी तेच शिकवलं. कोनी काई पाहून लिवलं की काट."

त्यानं वही परत घेतली. लाल दौतीत टाक बुडवला, काटेवर धरला, पण ती खोडायची कशी ते त्याला कळेना. टाक तसाच हातात राहिला आणि शाईचा एक थेंब पानावर पडला.

"हे पोरगी तर उद्या येईन शाळेत," तो म्हणाला. "तिले सांगतो. पन पयल्या दोन-तीन वर्साचे पोट्टे शाळा सोडून गेले, भाऊ. कोनी वावरात, कोनी अकोल्याच्या जिनात. त्यायले मी आता कुठं शोधू?"